उलट्या घडाची केळ

मी केळ बोलतेय. थांबा, लगेच पिशवी पुढे करू नका! मी खायची नाही, प्लास्टिकची आहे. उंची आठ फूट, पानं चौदा, बुडाला सिमेंट भरलेली काळी कुंडी. मुक्काम बऱ्हाणपूर, इंदूर रस्त्यावरचं हॉटेल 'सुवर्णथाळ', दारातून आत आलात की उजव्या हाताला. हसू आलं ना? हसा बिनधास्त. केळीच्या मुलखात प्लास्टिकची केळ म्हटल्यावर कोण हसणार नाही?

माझा जन्म दिल्लीकडच्या एका कारखान्यात झाला. आमच्यात जन्म म्हणजे काय, तर साचा, वाफ आणि वरून हिरव्या रंगाचा फवारा. आजूबाजूला ताड होते, बांबू होते, नावं घेता येत नाहीत अशी काही विलायती झुडपं होती. पण सगळ्यांत ठसठशीत मीच. पॅकिंग करणारी बाई माझ्या पानांवरून फडकं फिरवत म्हणाली, "ही ज्या हॉटेलात जाईल तिथले लोक हिच्याकडेच बघत बसतील." ते बोलणं मी मनात घट्ट धरून ठेवलं. खोक्यात आडवी पडून प्रवास करताना मी एकच विचार करत होते, की आपण जाऊ तिथं लोकांनी केळ कशी ती पाहिलेलीच नसणार.

खोकं उघडलं तेव्हा समोर दोन हमाल होते. एकानं मला पाहिलं, दुसऱ्याकडे पाहिलं आणि तो पायरीवर मटकन बसून हसायला लागला. "अरे भो, आपल्याकडे घरामागं हात घातला तरी केळ हाताला लागते, अन् ह्यांनी दिल्लीहून आनली!" माझा रंग पक्का आहे म्हणून बरं, नाहीतर तिथंच उडाला असता.

मला मागवणारी मात्र हसत नव्हती. तिचं नाव पूर्णिमा. मालक नंदकुमारशेठ यांची सून, माहेर शहरातल्याच लोधीपुरा मोहल्ल्यात. लग्न होऊन आली तेव्हापासून तिच्या मनात एकच होतं, की सासऱ्यांचं हे हॉटेल नव्यानं सजवायचं. शहरातलं सगळ्यात भारीतलं हॉटेल म्हणून त्याचं नाव होतं, पण ते वीस वर्षांपूर्वीचं. लाल मखमलीचे सोफे, पडद्यांच्या केबिन, कोपऱ्यात माशांची पेटी आणि छताला झुंबर, ज्याचे अर्धे दिवे कधी लागायचेच नाहीत.

"बेटा, लोकांच्या घरी मखमल नसते म्हणून ते इथं येतात," शेठ म्हणायचे.

"पण पप्पाजी, मखमलीला वास यायला लागलाय."

"तो वास नाही, इज्जत आहे."

तिचा नवरा अक्षय स्वयंपाकघर बघतो. वडील आणि बायको यांच्या मध्ये बोलायचं नाही, हे तो लग्नाच्या दिवशीच शिकला असावा. शेवटी महिनाभराच्या कटकटीनंतर शेठ तयार झाले, पण अट घालून. "दापोऱ्याच्या दगाभाऊंच्या वैजयंतीचा साखरपुडा आपल्याकडे आहे. वीस वर्षं त्यांच्या घरचं प्रत्येक कार्य इथं झालंय. ते आले की अर्धा दापोरा येतो, ते फिरले की अर्धा दापोरा फिरतो. त्यांना तुझं काम आवडलं, तर हॉटेल तू सांभाळ. नाही आवडलं, तर सोफे परत येतील आणि तू पुन्हा भिंतीला हात लावायचा नाही. कबूल?"

"कबूल," पूर्णिमा म्हणाली. सोफे गोदामात गेले, केबिन निघाल्या, मासे कुणाच्या तरी घरी पोचले. भिंतींना फिकट हिरवा रंग आला, वेताचे दिवे आले आणि दाराशी मी आले. इंदूरच्या कारागिरानं मला उभं केलं, वेगळ्या खोक्यातून आलेला माझा घड हुकाला टांगला आणि त्याच संध्याकाळी तो निघून गेला.

मग सुरू झाली मतं. बाई गं, काय ती मतं! ताटात भाजी पडेपर्यंत माणसाला दुसरा उद्योग नसतो, त्यामुळे जो तो भिंतींकडे बघून निकाल द्यायचा. दर रविवारी येणारे निवृत्त हेडमास्तर दिगंबर सर दारातच थबकले. "केबिन काढल्या? आता माणसानं निवांत जेवायचं कुठं?"

त्यांच्या पत्नी सुलभाताई म्हणाल्या, "निवांत तुम्ही जेवत होता. मी वीस वर्षं पडद्याकडे बघत जेवले. आता निदान माणसं तरी दिसतात."

एका कापड व्यापाऱ्यानं मोबाइलचा टॉर्च लावून शेवभाजी तपासली आणि म्हणाला, "लाइट एवढा कमी, की शेव कुठं अन् रस्सा कुठं, समजतच नाही." कॉलेजच्या पोरी माझ्या गळ्यात हात घालून, "यार, लाइट किती मस्त आहे! पिक एकदम भारी आएगा," म्हणत फोटो काढायच्या. म्हातारा वेटर रोज रिकाम्या कोपऱ्याकडे बघून माशांची आठवण काढायचा. आणि सगळ्यांची एक खोड सारखी, जाता-येता माझ्या पानाला चिमटा काढून बघायचं. प्लास्टिकची आहे हे लांबूनच कळतं, तरी चिमटा काढायचाच! राग यायचा मला. एकीची तर नखं इतकी लांब होती, की पानावर खूण अजून आहे.

केळीच्या बागा असलेले शेतकरी यायचे त्यांचं मात्र निराळंच. ते माझ्यापुढे थांबायचे, घडाकडे बघायचे, एकमेकांकडे बघायचे आणि मिशीत हसायचे. पूर्णिमानं "कसं वाटलं, काका?" विचारलं, की "एकदम झकास, बेटा" म्हणायचे. पायरी उतरल्यावर मात्र पोट धरून हसायचे. मी दाराशीच, मला सगळं ऐकू यायचं, पण कारण समजायचं नाही. पूर्णिमा बिचारी खुशीत. "पप्पाजी, पाहिलंत? केळीजवळ आले की सगळे हसतात." शेठ मान हलवायचे. तेही शहरातलेच, केळी त्यांनी बघितली ती शिकरणातच.

साखरपुड्याला चार दिवस राहिले तेव्हा, रविवारी दुपारी, दगाभाऊ आणि त्यांच्या पत्नी मालूबाई हॉल बघायला आले. दगाभाऊ म्हणजे पांढरा सदरा, टोपी आणि बोलणं मोजकं. आत आले, माझ्यापुढे थांबले आणि त्यांनी मान तिरकी केली. मालूबाईंनी पदर तोंडाला लावला, पण हसू काही आवरेना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं त्यांच्या.

दगाभाऊ नाही हसले. "शेठ, हा घड उलटा हाये."

"उलटा म्हणजे?"

"उलटा म्हणजे उलटा! केळ्याची बोटं वर वळतात. ह्या तुमच्या केळीची खाली लोंबू राह्यली. चाळीस वरसात असा घड म्या पाह्यला नाही."

हॉलमधली सगळी जेवणं थांबली. आणि मला एकदम सगळं समजलं. ते मिशीतलं हसू, ते पायरीवरचं खिदळणं! अहो, मला तरी कसं कळणार? मी जन्मात दुसरी केळ पाहिलेली नव्हती. माझ्याकडे लोक बघत बसतील म्हणे. बघत होते खरे!

दगाभाऊ पुढे म्हणाले, "माझे व्याही जसोंडीचे. त्यांचीबी बाग हाये. ह्या घडापाशी लेकीचा साखरपुडा केला, तर जसोंडीवाले जन्मभर सांगत फिरतील, दगाच्या घरी केळी उलट्या लागतात म्हणून. ना भो. आपण दुसरीकडे बघू."

शेठनी सुस्कारा टाकला. "पिकतं तिथं विकत नाही, बेटा. मी म्हणत नव्हतो?" असं म्हणून त्यांनी गोदामाच्या भाईदासला फोन लावला आणि सोफे झाडायला घ्यायला सांगितलं.

मला उलटं म्हटलं त्याचं काही वाटलं नाही. खरं ते खरं. पण पूर्णिमाचा चेहरा बघवेना. तीन महिने ही पोर शिडीवर चढून भिंतींचे रंग तपासत होती, आणि आता एका घडापायी सगळं पाण्यात. वाटलं, आत्ताच्या आत्ता आडवं पडावं आणि स्वतःहून खोक्यात शिरावं.

तिनं डोळे पुसले नाहीत, तसेच भरू दिले. "काका, मी लोधीपुऱ्यात वाढले," ती म्हणाली. "केळी बघितली ती ठेल्यावर. तिथं फण्या पालथ्या मांडलेल्या असतात. मला वाटलं, झाडावरही तशाच लागतात. केळीच्या गावात राहून मी एकदाही बागेत गेले नाही, चूक माझीच. सुलटा घड कसा असतो तेवढं दाखवून जा. मग नका बसू इथं."

मालूबाईंचं हसू थांबलं. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. "दाखवा की. पोर इचारू राह्यली."

आता बघा, शेतकऱ्याला बागेतलं काही विचारलं आणि तो गप्प राहिला, असं तापीकाठी अजून झालेलं नाही. दगाभाऊंनी चपला काढल्या, स्टूल मागवलं आणि पांढऱ्या सदऱ्यानिशी वर चढले. दिगंबर सर जेवण सोडून स्टूल धरायला धावले. घड हुकातून निघाला, उलटला आणि पुन्हा टांगला गेला. माझी सगळी बोटं वर वळली. खरं सांगते, त्या क्षणी मला पहिल्यांदा वाटलं, की आपण कोणीतरी आहोत.

पण काम तिथं थांबतंय कुठं!

"हिचं केळफूल कुठाय?" मालूबाईंनी विचारलं.

पूर्णिमानं जीभ चावली. खोक्यातून निघालेलं ते जांभळं काहीतरी तिनं शोभेची वस्तू समजून गल्ल्यावर, बडीशेपेच्या वाटीशेजारी ठेवलं होतं! ते आणेपर्यंत कोपऱ्यातल्या टेबलावरून शाहपूरचे सुपडूभाऊ हात न धुताच उठून आले. "घड भरला की केळफूल तोडतात, दगाभाऊ. ते लावायचं नाही."

"माहीत हाये मले! पण घरात कार्य हाये. फूल असू दे."

"मग पानं तरी फाडा थोडी. एवढी अख्खी पानं कोणत्या बागेत असतात? वाऱ्यानं चिरफळ्या होतात त्यांच्या. ही काय एसीत वाढली?"

"एसीतच वाढली, भो!" दगाभाऊ म्हणाले आणि तेच पहिल्यांदा हसले. मग काय, सगळा हॉल माझ्याभोवती जमला. घड थोडा तिरका पाहिजे, खालची दोन पानं जास्त आहेत, कुंडीत माती नाही तर निदान पालापाचोळा टाका! आठवडाभर जी माणसं भिंतींवरून भांडत होती ती आता माझ्यावरून भांडत होती, पण हात लावून. कोणीतरी म्हणालं, एवढा घड आहे तर टेकू पाहिजे, नाहीतर केळ मोडून पडेल. मी सिमेंटमध्ये रोवलेली आहे, मी कशाला पडते? पण सांगणार कोणाला!

"थांबा," नंदकुमारशेठ म्हणाले. "दांडा आहे माझ्याकडे." ते स्वतः मागं गेले आणि केबिनच्या पडद्याचा पितळी दांडा घेऊन आले. तो टेकू म्हणून त्यांनीच माझ्या घडाखाली लावला, दोनदा मागं सरकून बघितला आणि परत सरळ केला.

दगाभाऊ खाली उतरले. रुमालानं हात पुसत माझ्याकडे बघू लागले.

"मग? बसायचं का नाही इथं?" मालूबाईंनी विचारलं.

"माझ्या हातानं घड लावला, अन् आता बसणार नाही असं कसं म्हणू?"

शेठनी भाईदासला पुन्हा फोन केला. सोफे राहू दे म्हणाले.

साखरपुड्याच्या दिवशी सकाळी मालूबाईंनी आपल्या बागेतल्या दोन केळी आणून दाराच्या दोन बाजूंना बांधल्या. मी पहिल्यांदा खरी केळ पाहिली. पानं फाटलेली, बुंध्यावर मुंग्या, कापलेल्या ठिकाणाहून चीक ठिबकत होता. तशी दिसायला माझ्यापुढे काहीच नाही. पण दारातून वारा आला, की त्यांची पानं सळसळायची आणि माझी नुसती खडखडायची. हेवा वाटला मला. खोटं कशाला बोलू?

जसोंडीचे व्याही आले. दारातच माझ्यापुढे थांबले. दगाभाऊ पुढे होऊन माझ्या घडाशेजारी उभे राहिले. व्याह्यांनी एक फेरी मारली, वाकून घड बघितला, फण्या मोजल्या आणि म्हणाले, "नऊच फण्या, पाटील?"

"पहिलंच पीक हाये, पाव्हणं," दगाभाऊ म्हणाले. व्याही इतके हसले, की त्यांची टोपी पडली, आणि पूर्णिमानं ती उचलून दिली.

मालूबाई हळदीकुंकवाचं ताट घेऊन दाराशी आल्या. दोन्ही खऱ्या केळींना कुंकू लावलं आणि वळताना माझ्यापाशी थांबल्या. कोणीतरी म्हणालं, "अवं, ती प्लास्टिकची हाये." मालूबाई म्हणाल्या, "असू दे. तीबी उभी हाये ना दारात?" आणि माझ्या बुंध्याला कुंकवाचं बोट टेकवलं. रडता आलं असतं तर रडले असते मी.

या गोष्टीला आता दोन वर्षं झाली. हॉटेल पूर्णिमा बघते. शेठनी एक मखमली सोफा तेवढा गल्ल्यामागे आणून घेतलाय आणि दुपारी त्यावर डुलकी काढतात. भिंतींबद्दल लोक अजून भांडतात. दिगंबर सरांना अजून केबिन पाहिजेत. माझा रंग उन्हाच्या बाजूनं थोडा विटलाय, एक पान चिकटपट्टीवर आहे. कुंकवाची जागा पुसू नका, असं पूर्णिमानं झाडलोट करणाऱ्या बाईला बजावून ठेवलंय.

मागच्या महिन्यात मालूबाई जेवायला आल्या होत्या. पूर्णिमाला सांगत होत्या, की वैजयंतीच्या साखरपुड्याचा फोटो त्यांच्या ओसरीत लावलाय. नवरानवरी पुढे, मागं मी. केळी घ्यायला आलेल्या एका व्यापाऱ्यानं तो निरखून पाहिला आणि विचारलं, "पाटील, ही केळ कोणत्या बागेतली? फार निरोगी दिसते."

"मग? काका काय म्हणाले?" पूर्णिमानं विचारलं.

मालूबाई म्हणाल्या, "काय म्हन्तीन? म्हने, आपल्याच घरची हाये."