एका माणसापुरतं

आचाऱ्याने रश्श्याचं पातेलं शेगडीवरून उतरवलं आणि दिवाणखान्याकडे न नेता थेट मागच्या अंगणात नेलं. तिथे सकाळपासून उन्हात ताटकळलेले ड्रायव्हर आणि पहारेकरी ताटं घेऊन रांगेत उभे होते.

मंत्र्यांचा सचिव धावत आला.

"अहो उस्ताद, डोकं ठिकाणावर आहे का? आत पाहुणे खोळंबलेत. बाहेरच्यांना उरलंसुरलं द्यायचं, सांगितलं होतं ना?"

"पाहुणे खुर्चीत बसलेत. ही माणसं उभी आहेत," आचारी म्हणाला आणि वाढू लागला.

त्याच्या अंगाचा तिळपापड झाला होता. उरलंसुरलं! मंत्री झाले म्हणून काय झालं? हेच साहेब कॅप्टन होते तेव्हा बर्फातल्या चौकीवर शेवटच्या जवानाचं ताट भरल्याशिवाय घास घेत नसत. चौकीवरचा आचारीही हाच; त्यांच्यासाठी तो पातेल्याच्या तळाशी एका माणसापुरतं राखून ठेवायचा, ती सवय अजून सुटली नव्हती. साहेबांनी वर्दी उतरवली, निवडणूक जिंकली आणि हाही त्यांच्यामागोमाग या बंगल्यात आला. सून दर रविवारी बंगल्यावर फोन करायची, "बाबा, आता पुरे झालं, घरी या." साहेबांना सोडून कसा येऊ, हे त्याचं ठरलेलं उत्तर.

सचिवाने आत जाऊन कागाळी केली असावी. साहेब स्वतःच मागच्या दारात आले.

"काय चाललंय हे?"

"वाढतोय, साहेब. तुमचीच शिस्त."

साहेब रांगेकडे पाहत राहिले. मग त्यांनी बाह्या वर सारल्या आणि त्याच्या हातातून पळी घेतली. आचाऱ्याला भरून आलं. इतके दिवस आपण उगाच मनातल्या मनात शिव्या घातल्या, असं वाटून त्याने खांद्यावरच्या फडक्याने डोळे पुसले.

पुसून पाहतो तर पळी हवेतच. समोरचा ड्रायव्हर रिकामं ताट पुढे करून अवघडून उभा.

"फोटोवाला कुठे मेला?" साहेब सचिवावर खेकसत होते.

फोटोवाला धापा टाकत आला.

"बाबा, जरा बाजूला व्हा. मध्ये येताय."

आचारी बाजूला झाला. दोन फोटो निघाले. साहेबांनी भरलेली पळी पातेल्यात टाकली, हात पुसले, आणि पाहुण्यांचं जेवण हॉटेलातून मागवायला सांगून आत गेले. ड्रायव्हरचं ताट रिकामंच होतं.

आचाऱ्याने पळी उचलली. त्याने एकेकाचं ताट भरलं. फाटकावरचा पहारेकरी सगळ्यांत शेवटी आला. तळाशी एका माणसापुरतंच उरलं होतं. आचाऱ्याने पातेलं तिरकं करून ते सगळं त्याच्या ताटात ओतलं.

"उस्ताद, हे तुम्ही साहेबांसाठी ठेवता ना?"

"साहेबांचं हॉटेलातून येतंय," आचारी म्हणाला. "तू जेव. आणि तुझा फोन दे जरा, सुनेला कळवायचंय."