काट्यावरची टोपी

मी एक जुना मीटर आहे. मीटर म्हटलं की तुम्हाला घरातली विजेची पेटी आठवेल, पण मी त्या कुळातला नाही. ट्रकच्या इंजिनात तेलाचा दाब किती आहे, हे दाखवणारा मी वाटीएवढ्या तोंडाचा, एका काट्याचा साधा मीटर आहे. माझी काच आता तडकली आहे आणि आकडे पिवळे पडले आहेत. पण मित्रांनो, माझ्या आयुष्यात माझं स्वतःचं असं फारसं काही घडलं नाही. जे घडलं ते माझ्यासमोर बसणाऱ्या लिंबाजीमामांचं घडलं.

माझा जन्म पुण्याच्या एका लहानशा कारखान्यातला. माझ्या पोटात पितळेची एक वाकडी नळी आहे. तेलाचा दाब आला की ती किंचित सरळ होते आणि काटा पुढे सरकतो. दाब गेला की काटा शून्यावर येतो. मला ओरडता येत नाही. कोणी माझ्याकडे पाहिलं तरच माझा उपयोग.

१९७४ साली गंगाखेडच्या नागनाथरावांनी मला परभणीच्या दुकानातून विकत आणलं. त्यांचा डिझेल ट्रक बहात्तरच्या दुष्काळात धान्याची पोती वाहून वाहून खिळखिळा झाला होता. त्याचा मूळचा मीटर तर केव्हाच बंद पडला होता. रंगनाथ मिस्त्रींनी हाताच्या ड्रिलने ड्रायव्हरच्या समोरच्या पत्र्याला गोल भोक पाडलं आणि मला त्यात घट्ट बसवलं. इंजिनापासून माझ्या पाठीपर्यंत तांब्याची बारीक नळी आणली. ती जिथून पत्र्यातून आत येत होती, तिथे त्यांनी रबराची चकती घातली, नाहीतर हादऱ्यांनी पत्रा नळीला कापून काढतो. मग इंजिन सुरू केलं, आणि माझा काटा आयुष्यात पहिल्यांदा उठून उभा राहिला. काय सांगू, मला फार अभिमान वाटला!

लिंबाजीमामा मात्र दूर बाभळीखाली उभे होते. ते त्या ट्रकचे ड्रायव्हर. नागनाथरावांच्या वडिलांच्या काळापासूनचे. त्यांचा कान गंगाखेड ते परभणी नावाजलेला होता. रस्त्याने जाणाऱ्या गाडीचा आवाज ऐकून तिचा कोणता भाग जाणार, ते सांगायचे. दुसरे ड्रायव्हर आपल्या गाड्या मुद्दाम त्यांच्यापुढे उभ्या करायचे.

"मालक, हे कशाला?" मामा म्हणाले. "गाडी माझ्यासंगं बोलती. मला काट्याची गरज न्हाई."

"असू द्या मामा. इंजिन जुनं झालंय," नागनाथराव म्हणाले.

इंजिन जुनं झालं होतं, तसेच मामांचे कानही. ही गोष्ट आधी मला कळली, कारण मी सतत त्यांच्या तोंडासमोर असायचो. तीस वर्षं इंजिनाच्या धडधडीशेजारी बसून त्यांचे कान निकामी होत चालले होते. ते गिअरच्या दांड्यावर तळहात ठेवून इंजिनाची थरथर जोखायचे. समोरचा बोलला की त्याच्या ओठांकडे पाहायचे आणि "हां, हां" म्हणून मान हलवायचे. घरी त्यांच्या बायकोला, चांगुणाबाईंना, थोडं उमगलं होतं. पण त्यांना मामांनी सांगितलं होतं, "मानसाचं बोलनं जरा कमी येतं. गाडीतलं समदं ऐकू येतं." ज्याच्या कानाची पंचक्रोशीत कीर्ती, त्याने बहिरा झालो हे कोणत्या तोंडाने सांगावं?

ट्रकवर सिताराम नावाचा क्लीनर होता. बायकापोरांचा, तिशीतला, सरळ माणूस. चढावर गाडी थांबली की चाकामागे दगड लावणं, माल उतरवून घेणं, ही त्याची कामं. त्याला मी आवडायचो. तो येता-जाता फडक्याने माझी काच पुसायचा. एके दिवशी सोनपेठच्या रस्त्यावर माझा काटा खाली यायला लागला. सितारामने मामांचा दंड धरून गाडी थांबवायला लावली. खाली वाकून पाहिलं तर एक जोड ढिला होऊन तेल गळत होतं. इंजिन वाचलं. नागनाथरावांनी ट्रकच्या अड्ड्यावर चार माणसांत सितारामची पाठ थोपटली आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "पैसे वसूल झाले बघा!"

सगळे हसले. मामाही हसले. पण गाडीत येऊन बसल्यावर त्यांचा चेहरा काळवंडला. इंजिनाचा आवाज बदललेला त्यांना कळला नव्हता, आणि कालच्या क्लीनरला बिघाड काट्यावरून कळला होता. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि आरशाच्या खिळ्याला अशी लटकवली की माझं तोंड पूर्ण झाकलं गेलं.

"मामा, मीटर दिसंना की," सिताराम म्हणाला.

मामांनी ऐकलं नाही. की ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं? ते मला आजही ठाऊक नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ते घडलं. सरकीच्या पेंडीची पोती ताडबोरगावला पोचवायची होती. मालकांचा निरोप सितारामने चालत्या इंजिनाच्या गोंगाटात मामांना सांगितला. मामांनी "हां, हां" केलं आणि भरला ट्रक ताडकळसला नेला. वाटेत सिताराम पोत्यांवर झोपला होता. जागा झाला तेव्हा ताडकळसचा बाजार दिसत होता. सगळा दिवस वाया गेला आणि ताडबोरगावच्या व्यापाऱ्याने नागनाथरावांचा माल घेणं बंद केलं.

मालक संतापले. "मामा, ताडकळस कोन बोललं तुमाला?"

मामा खाली मान घालून उभे होते. नुसतं "मला नीट ऐकू आलं न्हाई" एवढं म्हणायचं होतं. पण तोंडातून भलतेच शब्द बाहेर पडले.

"सितारामनं तसंच सांगितलं."

सितारामने त्यांच्याकडे पाहिलं. तो भांडला नाही. त्याला वाटलं असेल, इतक्या मोठ्या माणसापुढे आपलं कोण ऐकणार? त्याच संध्याकाळी त्याचं काम सुटलं. मामा त्या दिवशी घरी गेलेच नाहीत. स्टिअरिंगवर कपाळ टेकून कितीतरी वेळ बसून राहिले.

नवा क्लीनर मिळेना. मामा एकटेच गाडी काढू लागले. हिवाळ्यात कापूस वेचायला जाणाऱ्या बायकांना राणीसावरगावकडे सोडायचं काम निघालं. चांगुणाबाईंना तिकडे लेकीला भेटायचं होतं, म्हणून त्या पुढे मामांशेजारी बसल्या.

चढ लागला तेव्हा माझा काटा खाली घसरू लागला. इंजिनाच्या तळाशी तेल अडवणारा नट हादऱ्यांनी सैल होऊन तेल रस्त्यावर सांडत होतं. मी टोपीआड शून्यावर येऊन टेकलो. मित्रांनो, तेव्हा मला किती लाज वाटली म्हणून सांगू! ज्यासाठी जन्मलो ते काम करत होतो, पण ते कोणालाच दिसत नव्हतं. मग इंजिन ठोकू लागलं. लोखंडावर घण पडावा तसा आवाज. मागच्या बायका टपावर हात आपटू लागल्या.

"अवो, काय वाजायलंय हे?" चांगुणाबाई ओरडल्या.

"हां, ऊन लय हाय," मामा म्हणाले.

चांगुणाबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. आता त्यांना सगळं कळलं. त्यांनी मामांचा हात धरून हिसडा दिला, पण तेवढ्यात मोठा कडाका झाला आणि इंजिन जाम झालं. ट्रक क्षणभर थांबला, मामांनी घाईत क्लच दाबला आणि ट्रक हळूहळू मागे सरकू लागला. मामा ब्रेकवर उभे राहिले, पण एवढं ओझं काही धरवेना. चाकामागे दगड लावणारं कोणी नव्हतं. चांगुणाबाईंनी दार उघडून उडी मारली, रस्त्याकडेचा धोंडा उचलला आणि मागच्या चाकाखाली घातला. ट्रक थांबला. सगळ्या बायका सुखरूप उतरल्या. पण चांगुणाबाईंच्या उजव्या हाताची दोन बोटं धोंडा आणि चाकाच्या मध्ये सापडून चेचली गेली होती.

ट्रक ओढून रंगनाथ मिस्त्रींकडे आणला. नागनाथरावांनी टोपी बाजूला केली आणि माझ्याकडे पाहिलं.

"मामा, आवाज आला न्हाई का तुमाला?"

हाताला फडकं गुंडाळलेल्या चांगुणाबाई शेजारीच उभ्या होत्या. मामांच्या आधी त्याच बोलल्या, "लय बारीक आवाज होता, मालक. मलाबी आला न्हाई."

मामांनी त्या फडक्याकडे पाहिलं. त्यांना शब्द कळले नसतील, पण बायको काय करते आहे ते कळलं.

"हिचं ऐकू नका," ते म्हणाले. "मला ऐकू येत न्हाई. मी भैरा झालोय, मालक. काट्याला टोपी मीच घातली. अन् ताडबोरगाव म्हनून सितारामनं बराबर सांगितलं असंल. त्याचा गुन्हा न्हवता. मी खोटं बोललो."

चार माणसांत एवढा मोठा माणूस रडताना मी पहिल्यांदाच पाहिला.

नागनाथरावांनी सितारामला परत बोलावलं. तो आला तेव्हा मामा ट्रकजवळ हात जोडून उभे राहिले. सिताराम त्यांच्या अगदी समोर आला, ओठ दिसावेत असा, आणि सावकाश म्हणाला, "मामा, माझ्या पोराला गावात लबाडाचं पोरगं म्हनले. मी काम करीन. पर तुमच्यासंगं बोलायला मला टाइम लागंल."

मामांनी मान हलवली. या वेळी त्यांना प्रत्येक शब्द समजला होता.

तो टाइम फार मोठा लागला. सिताराम दुसऱ्या ड्रायव्हरबरोबर जाऊ लागला आणि पुढे स्वतः ड्रायव्हर झाला. मामांनी गाडी सोडली आणि ते रंगनाथ मिस्त्रींच्या हाताखाली लागले. जुन्या गाड्यांना मीटर बसवायचं काम आपसूक त्यांच्याकडेच आलं. कोणी ड्रायव्हर "आमाला कानानं कळतंय" म्हणाला, की ते आधी आपल्या कानाकडे बोट दाखवायचे आणि मग घरी भाकरी थापताना धडपडणाऱ्या चांगुणाबाईंबद्दल सांगायचे. सांगताना दर वेळी त्यांची मान खाली जायची. ती लाज त्यांना कधी सोडून गेली नाही. मला वाटतं, त्यांनीही तिला कधी जाऊ दिलं नाही.

पुढे ट्रक भंगारात गेला. मला काढून गॅरेजातल्या फळीवर ठेवलं. इथे माझ्याकडे कोणी पाहत नाही, आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही. वाईट वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. सितारामच्या घरची चूल विझली, एका बाईचा हात कामातून गेला, आणि हे सगळं कशामुळे, तर एका चांगल्या माणसाला "पुन्हा सांगा" एवढंच म्हणायची लाज वाटली.

मित्रांनो, तुमच्याही घरात कोणीतरी असेल, जे तुमच्या बोलण्यावर नुसतंच "हां, हां" म्हणून मान हलवतं. त्यांना हसू नका. त्यांच्या समोर जाऊन बसा, तोंड त्यांच्याकडे करा आणि तेच वाक्य पुन्हा, तितक्याच मायेने सांगा. त्यांना आपलं उणं लपवावं लागणार नाही, असं घर ठेवा.