परातीतली कावीळ

परातीतलं चुन्याचं पाणी पिवळं होताना पाहायला धामणगाव बढेजवळच्या त्या छोट्या गावात एकच झुंबड उडाली होती. पितांबर महाराज रोग्याच्या अंगावरून हात फिरवत, मग तेच हात परातीत बुडवत, की पांढरं पाणी हळदीसारखं पिवळंजर्द. सकाळपासून सतरा जणांची कावीळ उतरली होती. त्यातल्या अकरा जणांना कावीळ झाल्याचं महाराजांनीच आधी सांगितलं होतं.

अठरावा नंबर गजेंद्रच्या पाच दिवसांच्या मुलीचा होता. गावची आशाताई वंदना हे कळताच धावत आली. तिसऱ्या दिवशीच्या भेटीत तिनं बाळाला पाहिलं, तेव्हा फक्त चेहरा पिवळसर होता. आज तळपाय पिवळे झाले होते. तिनं लगेच फोन करून रुग्णवाहिका बोलावली. पण बाळाची आजी, वच्छलाबाई, हटून बसल्या होत्या.

"मावशी, लेकरू दूध ओढून नाही राह्यलं. थांबू नका."

"आधी महाराजाचा हात लागू दे, मंग तुह्या दवाखान्यात जाऊ. इतके लोकं बरे झाले तं हिले काऊन गुण नाही येणार?"

बाळंतीण प्राचीनं सासूकडे पाहून बाळाला पुन्हा छातीशी धरलं. गेल्या वर्षी असंच एक पिवळं लेकरू वंदनाच्या हातात गार झालं होतं. पण वाद घालण्यात वेळ जात होता. आणि जमलेल्या बायांकडून ऐकलेली एक गोष्ट तिला खटकत होती: प्रत्येक रोग्याआधी महाराज पडद्याआड 'ध्यानाला' जात होते.

"लावा हात," ती म्हणाली, "पण साबणानं धुऊन. महिन्याच्या आतलं लेकरू आहे, महाराज. आम्ही त्याच्या आईलेबी न धुता हात लावू देत नाही."

महाराज हसले. "बाई, या हातात बारा वर्षांच्या तपाचं तेज आहे."

"तेज काय साबणानं जाते?"

बायांना ते पटलं. वच्छलाबाईंनाही पटलं, कारण मातांच्या बैठकीत हात कसे धुवायचे हे वंदनानं त्यांच्याकडूनच करून घेतलं होतं. त्यांनी स्वतः तांब्या उचलला.

"धुवा महाराज. बोटांच्या बेचक्यातबी. नखंबी."

फेस पिवळा होऊन ओघळला. मग महाराजांनी बाळावरून हात फिरवून परातीत बुडवले. पाणी पांढरंच राहिलं.

"हट्टी कावीळ आहे," महाराज म्हणाले. "ध्यान करून येतो."

वंदनानं पडदाच बाजूला सारला. आत वाडग्यात आंब्याच्या झाडाची साल भिजत होती. तिनं तो रस तळहाताला चोळला, वाळू दिला आणि हात परातीत घातला. पाणी पिवळं झालं.

"मले तं कावीळ नाही, मावशी. आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस चुन्यात गेला की पिवळा होते, बस."

बाहेर गाडी आली होती. वच्छलाबाईंनी नातीला उचललं आणि सुनेला म्हणाल्या, "चाल." गर्दीतल्या पोलीस पाटलांनी महाराजांना तिथंच बसवून ठेवलं.

बुलढाण्याच्या दवाखान्यात बाळ तीन दिवस निळ्या उजेडाखाली होतं. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर कावीळ मेंदूवर गेली असती.

पुढच्या बैठकीत वंदना बोलायला उठली, तर वच्छलाबाईंनी तिला खाली बसवलं.

"मी सांगतो. लेकराचे तळपाय पिवळे दिसले, दूध ओढेनासं झालं, तं दवाखाना गाठा. मी पाण्याकडे पाहत बसली बायांनो, लेकराकडे पाह्यलंच नाही."