उलटी लावलेली स्कूटर

दुपारी सव्वाबाराला आबा दुसऱ्याच कुणाची तरी स्कूटर घेऊन निघाले.

निघाले तेही ऐटीत. चावी फिरवली, हिरवा दिवा लागला का ते पाहिलं, मागे मान वळवून कुणी आडवं नाही याची खात्री केली आणि बोटींच्या खेळाच्या दारापासून कारंज्याकडे जाणाऱ्या उताराला लागले. माणूस अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, पण बैठक अशी की खाली भाड्याचं बॅटरीवरचं गाडं नसून पन्नास उतारूंची बस आहे. उभी हयात शहराची बस चालवल्यावर पाठ सहसा वाकत नाही. गुडघे मात्र वाकायचं सोडतात, म्हणून तर ही स्कूटर.

स्कूटरची कल्पना लेकीची. ती हॉस्पिटलात म्हाताऱ्यांचा वॉर्ड सांभाळणारी नर्स. कुणाला किती चालवायचं आणि कुणाला केव्हा बसवायचं हे तिला विचारावं लागत नाही. सुट्टीत मुलांना करमणुकीच्या पार्कात न्यायचं ठरलं, तेव्हाच तिने दोन स्कूटर सांगून ठेवल्या. एक आबांना, एक सासूबाईंना. दोन्ही सारख्या, दोन्ही लाल. एक लाल आणि एक निळी आली असती तर व्याही-विहिणींना दिवसभर पुरेल एवढा विषय मिळाला असता, हे ती लग्नाच्या पंधरा वर्षांत शिकली होती.

सकाळी भाड्याने देणारा माणूस हॉटेलच्या दारात गाड्या उतरवून सगळं समजावून गेला. हँडलचा दांडा दाबला की गाडी चालते, सोडला की थांबते. वेगाच्या चकतीवर एका टोकाला कासव, दुसऱ्या टोकाला ससा. मागे एक पिवळा खटका आहे, तो दाबला की चावीशिवायही गाडी हाताने ढकलता येते. आणि चावी हरवली तरी काळजी नको, आमच्या सगळ्या गाड्यांना एकच चावी चालते. आबांनी सगळं कान देऊन ऐकलं आणि चकती सशाकडे फिरवली. लेकीने ती कासवाकडे आणून ठेवली.

विहीणबाईंनी आपल्या स्कूटरच्या हँडलला पिवळा स्कार्फ बांधला. त्यांनी आयुष्यभर शिवणाचे क्लास चालवले; कात्री आता टेबलावर कमी आणि जिभेवर जास्त चालते.

"सर्दी झालीय वाटतं गाडीला," आबा म्हणाले.

"आपलं आपल्याला ओळखता आलं की दुसऱ्याचं उचलायची वेळ येत नाही," विहीणबाई म्हणाल्या, आणि पुढे निघूनसुद्धा गेल्या.

आबांच्या लेखी मात्र ही नुसती सहल नव्हती. ते एकटे राहतात, शहराच्या बाहेर, जिथे बस दिवसातून दोनदा येते आणि दुसऱ्या वेळेस येईलच असं नाही. किराणा, दवाखाना, जुन्या सोबत्यांकडे पत्ते कुटायला जाणं, सगळं त्यांच्या छोट्या गाडीवर अवलंबून. लायसन्सची मुदत संपत आली होती. सोमवारी सकाळी डॉक्टरांकडे तपासणी होती. डोळे, कान, पाय हे सगळं डॉक्टर स्वतः बघतात, पण या वयात सोबत आलेल्या नातेवाइकाला एक प्रश्न हमखास विचारतात: घरात विसरभोळेपणा जाणवतो का?

सोबत जाणार होती लेक. मागच्या महिन्यात ती अचानक घरी आली, तेव्हा आबा कुंपणापाशी शेजाऱ्याशी बोलत उभे होते आणि आत दुधाचं पातेलं कोळसा झालं होतं. दूध कुणाचंही करपतं, आबा म्हणाले. त्यावर ती काही बोलली नाही. ती बोलली की आबांना भीती वाटत नसे. ती गप्प बसली की वाटे. सोमवारी काय सांगायचं ते मी बघेन, एवढंच ती निघताना म्हणाली होती.

तेव्हा आज परीक्षा होती, आणि परीक्षा चालू आहे हे ओळखलंय असं न दाखवता ती द्यायची होती. त्याबद्दल आबांना तिळमात्र शंका नव्हती. सकाळभर त्यांनी गर्दीतून गाडी अशी काढली की बघत राहावं. बाबागाड्यांना वाट दिली, वळणावर हात दाखवला, मध्येच धावत सुटलेल्या पोराच्या चार हात अलीकडे थांबले. एका ठिकाणी रस्त्याकडेच्या बाईने लांबच्या मैत्रिणीला हात केला, तर आबांनी सवयीने गाडी कडेला घेऊन तिच्यासमोर उभी केली.

"घ्या, घ्या त्यांना वर," मागून विहीणबाई म्हणाल्या. "तिकीट मी फाडते."

लेकसुद्धा हसली. आबांनी ते हसू आपल्या खात्यात जमा धरलं.

अकराच्या सुमारास लेक आणि जावई मुलांना घेऊन उंच पाळण्याच्या रांगेत गेले. दोघा म्हाताऱ्यांनी बोटींचा खेळ बघायचा आणि मग कारंज्यापाशी भेटायचं असं ठरलं. आत स्कूटर नेता येत नव्हती. दाराबाहेर, पांढरे पट्टे आखलेल्या जागेत, तशाच लाल गाड्या ओळीने उभ्या होत्या. आबांनी पहिल्या ओळीत खांबाशेजारची जागा हेरली आणि स्कूटर मागे घेत घेत, तोंड रस्त्याकडे करून लावली. विहीणबाईंनी मागून येऊन शेजारी लावली, तिकडे आबांनी पाहिलं नाही. चावी आबांनी खिशात टाकली. टोपी तेवढी गाडीच्या पुढच्या टोपलीत राहिली.

खेळ संपून बाहेर आले तेव्हा अंधारातून एकदम उन्हात आल्याने दोघांचेही डोळे दिपले. दाराशी ही झुंबड. विहीणबाईंना त्यांचा पिवळा स्कार्फ पार शेवटच्या ओळीत दिसला आणि नवल करत त्या तिकडे वळल्या. आबा मनात हसले. बाईंनी लावलीच असणार भलतीकडे. ते स्वतः सरळ खांबाकडे गेले. डेपोत गाडी रोज बदलायची. फळ्यावर चालकाच्या नावापुढे जागा लिहिलेली असायची, अमुक ओळ, अमुक खांब. त्या जागी जी उभी असेल ती तुमची. खांबापाशी लाल स्कूटर उभी होती. आबा बसले आणि निघाले.

कारंज्यापाशी लेक त्यांची वाटच बघत होती. तिची नजर आधी आबांवर गेली, मग टोपलीवर.

"ही पिशवी कुणाची?"

टोपलीत करड्या रंगाची कापडी पिशवी होती. टोपी नव्हती. लेकीने पिशवी उघडली. चष्म्याचं घर, हातरुमाल, आणि खाली दम्याचा पंप. पंप बघताच ती जावयाला मुलांकडे बघ म्हणाली आणि बोटींच्या खेळाकडे पळत सुटली. आबांनी चकती सशावर केली. या खेपेला ती मागे फिरवायला कुणी नव्हतं.

दाराशी एक बाई खुर्चीवर बसवलेली होती, आबांच्याच वयाची. नवरा कागदाने वारा घालत होता आणि पार्कचे दोन कर्मचारी रुग्णवाहिका बोलवावी की नाही यावर खल करत होते. बाईंच्या छातीतून शिट्टी वाजल्यासारखा आवाज येत होता. लेक गुडघ्यांवर बसली, पंप त्यांच्या तोंडाशी धरला, पाठीवर हात ठेवून सावकाश, सावकाश म्हणत राहिली. थोड्या वेळाने आवाज विरळ झाला, ओठांवर रंग आला. आबा स्कूटरवरून उतरले आणि चुकून नेली, माफ करा, एवढं बोलून उभे राहिले. नवरा बोलायला तोंड उघडणार, तोच बाईंनी हाताने त्याला थांबवलं.

"चालते ना बरी?" त्यांनी आबांना विचारलं. "उजवीकडे ओढते जरा."

आबांना त्यापेक्षा शिव्या चालल्या असत्या.

त्यांची स्वतःची स्कूटर शेवटच्या ओळीत सापडली, विहीणबाईंची मघाशी उभी होती त्याच्या शेजारी. टोपलीत टोपी होती. आबांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि थांबले. गाडीचं तोंड भिंतीकडे होतं.

"ही मी लावलेली नाही," ते म्हणाले. आवाजात घाई नव्हती. आयुष्यात मी गाडीचं तोंड भिंतीकडे करून कधी उभी केली नाही, त्यांनी लेकीला सांगितलं. रात्रीची शेवटची फेरी संपवून आलो तरी मागे घेऊनच लावायचो, सकाळच्या माणसाला सरळ निघता यावं म्हणून. मी पहिल्या ओळीत, खांबापाशी, उलटी लावली होती. आम्ही आत असताना कुणीतरी पिवळा खटका दाबून दोन्ही गाड्या ढकलत इकडे आणल्या.

लेकीने टोपलीतली टोपी त्यांच्या हातात दिली.

"आबा, आमच्या वॉर्डात येणारे पहिल्यांदा हेच सांगतात," ती म्हणाली. "मी ठेवलं होतं, कुणीतरी हलवलं."

विहीणबाई पुढे झाल्या. मी यांच्या शेजारीच लावली होती, खांबापाशी, त्यांनी सुनेला सांगितलं. सुनेने मान हलवली, पण ती मान कशी हलते हे विहीणबाईंना ठाऊक होतं. सासूला खोटं पाडता येत नाही आणि तिचं ऐकूनही घेता येत नाही, अशा वेळी ती तशी हलायची.

"मी कुणाच्या चुकांवर पांघरूण घालत नाही," विहीणबाई म्हणाल्या. "आणि व्याह्यांच्या तर मुळीच नाही. विचार हवं तर तुझ्या नवऱ्याला."

मग लेकीने एक प्रश्न विचारला. हळू विचारला, वॉर्डात विचारतात तसा. "तुम्ही उलटी लावली होती ना? मग खांबापाशी जी होती ती सरळ होती. भिंतीकडे तोंड असलेली. ती मागे घेऊन काढावी लागली असणार. तेव्हा लक्षात नाही आलं?"

आबांनी आठवून पाहिलं. खरंच, मान मागे वळवली होती. मागे घेतली होती. ऊन होतं, गर्दी होती, असं म्हणता आलं असतं. ते दोन्ही होतंही.

"नाही आलं," ते म्हणाले. "जागा बघितली, गाडी बघितलीच नाही. यांची गाडी लांब दिसली तेव्हाच समजायला हवं होतं. पण मला वाटलं यांनीच भलतीकडे लावली असणार, त्या लावतात कशीही. हा माझा ताठा झाला. त्यापायी त्या बाईंचा जीव गेला असता. चुकलो, शंभर वेळा चुकलो. पण विसरलो नाही."

"कशीही लावतात?" विहीणबाई म्हणाल्या.

"ते आपण नंतर भांडू."

गाड्या लावायच्या जागेवर पिवळ्या जाकिटातला एक कर्मचारी होता. त्याची पाळी बाराला सुरू झाली होती. दाराशी गर्दी वाढली की पुढची ओळ कधीकधी मागे सरकवतात, तो म्हणाला. रिकाम्या झालेल्या जागेत मग नवीन येणारे लावतात. आज सरकवली का, ते सकाळच्या बाईंना माहीत. त्या पाळी संपवून गेल्या. त्याची साहेबीण आली, तिने झाल्या प्रकाराबद्दल दम्याच्या बाईंची विचारपूस केली, लेकीचा फोन नंबर घेतला. खांबावर कॅमेरा आहे, पण त्यातलं बघायला वरून परवानगी लागते, म्हणाली.

"घ्या परवानगी," आबा म्हणाले. "जरूर बघा. मला पण दाखवा."

लेकीने त्यांच्याकडे पाहिलं. कॅमेऱ्यात काय निघेल याची त्यांना जरासुद्धा धास्ती नव्हती. तिच्या वॉर्डातल्या माणसांनाही ती नसते, आणि नेमकी हीच गोष्ट तिला कुठल्या बाजूला टाकावी ते कळेना.

उरलेला दिवस आबांनी गाडी पूर्वीसारखीच चालवली. फरक एवढाच की उतरताना आणि बसताना ते मागच्या पत्र्यावरचा नंबर मोठ्याने म्हणू लागले, आणि विहीणबाई प्रत्येक वेळी "हजर" म्हणू लागल्या. नातवंडांना तो खेळ पार्कातल्या कुठल्याही पाळण्यापेक्षा जास्त आवडला. संध्याकाळी भाड्याच्या माणसाने गाड्या फिरवून फिरवून बघितल्या आणि एकही ओरखडा नाही म्हणाला. आबांनी ते लेकीला ऐकू गेलं की नाही हे वळून पाहिलं नाही. पूर्वी पाहिलं असतं.

रविवारी दुपारी परतीच्या वाटेवर लेकीने पार्कला फोन लावला. सकाळच्या पाळीच्या बाई रजेवर होत्या, सोमवारी दुपारी कामावर येतील असं उत्तर मिळालं. कॅमेऱ्याची परवानगी मागितली आहे, म्हणाले. डॉक्टरांची वेळ सोमवारी सकाळची होती. तारीख पुढे ढकलावी का, असं जावयाने गाडी चालवता चालवता सुचवलं. मागे बसलेले आबा म्हणाले, मुळीच नको.

घरी सोडताना लेक त्यांच्याबरोबर फाटकापर्यंत गेली. डॉक्टरांनी विचारलं तर मी काय सांगू, तिने विचारलं.

"जे पाहिलंस ते सांग. दूध पण सांग," आबा म्हणाले. "जे पाहिलं नाहीस ते तेवढं सांगू नकोस." मग उद्या वेळेवर ये, मी तयार असेन, असं बजावून ते आत गेले.

तिने काय सांगायचं ठरवलं आहे, ते तिने अजून नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. पार्ककडून फोन आलेला नाही.