बासष्ट किलो

चार मैत्रिणींनी विमानातून फेरफटका मारायचं ठरवलं. म्हणजे तिघींनी ठरवलं आणि चौथीने जमवलं. ही वाटणी शाळेपासूनचीच.

ठरवणाऱ्यांत पहिली बाई. मुख्याध्यापिका म्हणून ती निवृत्त झाली होती, पण ती शाळेपुरतीच. अजूनही बोलताना समोरच्याच्या हाताची घडी आहे की नाही ते आधी बघायची. शाळेत एकाच बाकावर बसलेल्या मैत्रिणीसुद्धा तिला बाईच म्हणायच्या, आणि तिला त्यात काही वावगं वाटत नसे. दुसरी दातवाली. दातांची डॉक्टर, त्यामुळे समोरच्याने तोंड उघडलं की बोलायचं आपण, ही सवय हाडीमांसी खिळलेली. तिसरी फूलवाली. चौकात तिचं फुलांचं दुकान होतं. ती प्रत्येक गोष्टीला "अगं, किती गोड!" म्हणायची आणि पुढे काही करायची नाही.

चौथी टाचणी. ती कपडे शिवायची. अंगाने टाचणीइतकीच, आणि बत्तीस वर्षं तोंडात टाचण्या धरून काम केल्यामुळे उलट उत्तर द्यायची सवय मोडून गेलेली.

आजवरच्या सगळ्या सहली टाचणीने जमवल्या होत्या, आणि सगळ्या सहलींत ती खालीच राहिली होती. तळ्यावर होडी ठरवली तिने, पण होडीत जागा निघाली तिघींची. डोंगरावर जायच्या पाळण्याची तिकिटं काढायला रांगेत उभी राहिली ती, पण ऐन वेळी पिशव्या वर नेता येणार नाहीत असं कळलं. मग तीन पिशव्या, दोन छत्र्या आणि दातवालीचा जास्तीचा चष्मा मांडीवर घेऊन टाचणी बाकावर बसली. वर जाता जाता बाई म्हणाली होती, "तू असलीस की कसं निर्धास्त वाटतं गं!" हे वाक्य कौतुकासारखं ऐकू येतं. टाचणीलाही पहिली काही वर्षं तसंच ऐकू आलं.

या वेळी मात्र तिला वर जायचंच होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, "दर अर्ध्या तासाने मान वर करा आणि लांबचं काहीतरी बघा." तिच्या दुकानाच्या खिडकीतून सगळ्यात लांबचं म्हणजे समोरच्या इमारतीची भिंत. मधे एक हातगाडी जाईल एवढा रस्ता. बत्तीस वर्षं वीतभर अंतरावर सुई नाचवली. आता एकदा, अर्धा तास का होईना, पोटभर लांबचं बघायचं, एवढंच तिच्या मनात होतं. हे तिने कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर फूलवाली "किती गोड!" म्हणाली असती.

गावाबाहेरच्या छोट्या धावपट्टीवरून एक कंपनी फेऱ्या मारत असे. अख्खं विमान घ्यायचं तर चौघींना परवडण्यातलं नव्हतं. बाईने लगेच "बघ काही कमी करतात का" असा हुकूम सोडला आणि चहा मागवला. टाचणीने सहा वेळा फोन केले. सुट्टीचा दिवस नको, आठवड्याच्या मधला चालेल. दुपारची शेवटची फेरी चालेल. आणि पायलट सोडून पाच जागा आहेत, त्यातली पाचवी कंपनीने खुशाल दुसऱ्या कुणाला विकावी. या तीन अटींवर भाडं निम्म्याच्याही खाली आलं. फोन घेणारी, कंपनीच्या काउंटरवरची मुलगी शेवटी म्हणाली, "काकू, तुम्ही आमच्याकडेच कामाला या."

मग तिने चौघींची वजनं मागितली. "अंदाज चालेल, पण खरा हवा. छोटं विमान आहे. तुमच्या वजनावरून पाचवा माणूस किती वजनाचा घ्यायचा ते ठरतं."

टाचणीने कुणालाच विचारलं नाही. तिच्याकडे मापवही होती. माणसाची कंबर, दंड आणि पाठ दर वर्षी मोजणाऱ्या शिंपिणीला वजनकाटा लागत नाही. तिने सांगून टाकलं: बाई चौऱ्याऐंशी, दातवाली शहात्तर, फूलवाली बहात्तर आणि मी शेहेचाळीस.

आता इथे टाचणीचीही एक चूक सांगायला हवी, नाहीतर तिची फारच बाजू घेतल्यासारखं होईल. तिच्या मापवहीतले आकडे खरे होते, पण ते आजवर वहीतून बाहेर पडले नव्हते. कपडा शिवताना ती आत भरपूर माया ठेवायची. शिवणीच्या पोटात दडवलेलं ते दोन बोटं कापड. बाई दर वर्षी कपडे घेऊन यायची आणि म्हणायची, "हे जरा घट्ट होतंय." टाचणी म्हणायची, "कापड आटलं असेल गं. माप तर तेच आहे." आणि रात्रीत शिवण उसवून माया सोडायची. दातवालीचंही कापड आटायचं, फूलवालीचंही आटायचं. वीस वर्षांत त्या तिघींच्या कपाटातलं सगळं कापड आटलं, आणि त्या मात्र होत्या तशाच राहिल्या. खोटं बोलायला काय, जीभ तेवढी हलवावी लागते. तिच्या जिभेवर तर टाचण्या असायच्या. तरी एवढं एक वाक्य त्यांच्यामधून दर वर्षी निघायचं.

फेरीच्या दोन दिवस आधी बाईने कंपनीला फोन केला. तिला फक्त "पुढची सीट मलाच" एवढं बजावायचं होतं. बोलता बोलता काउंटरवरच्या मुलीने नोंदलेली वजनं वाचून दाखवली.

"चौऱ्याऐंशी?" बाई कडाडली. "कुणी सांगितलं? लिहून घ्या. बासष्ट!" मग तिने त्याच दमात दातवालीचे साठ आणि फूलवालीचे अठ्ठावन्न लिहायला लावले. त्यांना फोन करून तिने हे सांगितलं, तेव्हा दोघीही म्हणाल्या, "बरं केलंस." टाचणीला सांगायचं मात्र तिघींच्याही लक्षात आलं नाही.

ठरल्या दिवशी चौघी पोचल्या. धावपट्टी म्हणजे गवतातून गेलेला डांबराचा पट्टा, बाजूला एक पत्र्याची शेड, शेडमध्ये एक काउंटर, आणि काउंटरशेजारी गोण्या तोलायला असतो तसला वजनकाटा. बाहेर पांढरं विमान उभं होतं. त्याचं दार मोटारीच्या दाराएवढं होतं. टाचणीने ते दहा वेळा बघितलं.

बाकावर एक धिप्पाड माणूस आधीच येऊन बसला होता. पाचव्या सीटचा प्रवासी. बेकरी चालवायचा; इस्त्रीचा शर्ट घालून, केस विंचरून, परीक्षेला आल्यासारखा.

"हा?" दातवाली पुरेशा मोठ्याने कुजबुजली. "याला कुणी घेतलं? खायला काळ आणि भुईला भार."

तेवढ्यात काउंटरवरची मुलगी म्हणाली, "एकेक करून काट्यावर या."

"म्हणजे?" बाई म्हणाली. "आम्ही वजनं कळवली आहेत."

"हो मॅडम, पण उडायच्या आधी सगळ्यांना तोलतोच."

पहिला बेकरीवाला उठला. "एकशे चार," तो काट्यावर चढायच्या आधीच म्हणाला. काटा एकशे चारवर थांबला. "फोनवर हेच सांगितलं होतं," तो थोडा लाजून म्हणाला.

मग फूलवाली. तिने आधी चपला काढल्या, मग गळ्यातली माळ, मग श्वास रोखला. एकाहत्तर. दातवाली आधीच म्हणाली, काटा बिघडलाय. शहात्तर. बाई काट्यावर अशी चढली जणू बक्षीस घ्यायला व्यासपीठावर चालली आहे. त्र्याऐंशी.

टाचणी चढली, शेहेचाळीस. पिशव्या ठेवल्या, सात.

मुलीने बेरीज केली, पुन्हा केली आणि पायलटला बोलावलं. पिकलेल्या केसांची, कमी बोलणारी पायलट होती ती. तिने कागद बघितला. "बावन्न किलो जास्त. एकाला उतरावं लागेल."

"थोडं पेट्रोल कमी करा ना," दातवालीने सुचवलं, जसं काही ती भाजीत मीठ कमी घालायला सांगत होती.

"भरलंय. काढायला दोन तास, आणि तासाभरात वारा वाढणार. ही आजची शेवटची फेरी."

मग तिघींनी जे केलं, ते एकमेकींकडे न बघता, एका सुरात केलं. तिघींनी टाचणीकडे बघितलं.

"टाचणी, तू समजूतदार आहेस," बाई म्हणाली.

"तसंही तुला गरगरतं ना गं?" फूलवाली म्हणाली. टाचणीला कधीच गरगरलं नव्हतं.

काउंटरवरची मुलगी चाचरत म्हणाली, "पण या काकू उतरून भागत नाही. त्या शेहेचाळीसच आहेत. सहा किलो उरतात."

क्षणभर वाटलं, आता तरी लाज वाटेल. पण दातवालीचा चेहरा उजळला. "पिशव्या सात किलो! पिशव्या खाली ठेवल्या की झालं. शेहेचाळीस आणि सात, त्रेपन्न. एक किलो उरतो सुद्धा!"

"बघ," बाई म्हणाली, "कसं बरोबर जमलं." आणि तिने आपली पिशवी टाचणीच्या हातात दिली. सवयीने टाचणीने ती घेतलीही. वर दातवालीची आली, फूलवालीची आली.

हे सगळं बेकरीवाला ऐकत होता. तो उठला. "मी उतरतो ना. माझंच वजन..."

"तुम्ही बसा," टाचणी म्हणाली. स्वतःचाच आवाज ऐकून ती जरा दचकली. "तुम्ही खरं सांगितलंत. खरं सांगणाऱ्याने उतरायचं नाही." मग ती मुलीकडे वळली. "मी तर बरोबर वजनं सांगितली होती. तेव्हा पाचवा माणूस हलका घ्यायचं ठरलं होतं ना?"

"हो काकू. पण या मॅडमनी फोन करून बदलली. बासष्ट, साठ, अठ्ठावन्न. म्हणून आम्ही यांना घेतलं."

टाचणीने बाईकडे बघितलं. बाईने हनुवटी वर केली. पण आवाज मुख्याध्यापिकेचा निघाला नाही.

"मला काय माहीत? तूच तर म्हणायचीस, माप तेच आहे. दर वर्षी म्हणायचीस! मी घरात काटा ठेवत नाही. मला कपडे होतात की नाही, तेवढंच मी बघते."

टाचणीच्या हातातल्या पिशव्या एकदम जड झाल्या. बाई खोटं बोलत नव्हती. ती खरंच बासष्ट किलोची होती. टाचणीनेच तिला वीस वर्षं बासष्ट किलोची ठेवली होती. क्षणभर तिला वाटलं, जाऊ दे, बसावं बाकावर. बाक तर ओळखीचाच आहे.

मग तिने दारातून बघितलं. विमानाच्या पलीकडे गवत होतं, गवतापलीकडे झाडं, आणि त्यांच्यापलीकडे काहीतरी निळसर होतं. ते डोंगर होते की नुसती हवा, तिला इथून ओळखता येईना.

"माप तेच आहे, हे मी म्हणायचे," ती म्हणाली. "कपडा मोठा मीच करायचे. ती माझी चूक. आता आत माया उरलेली नाही, बाई. त्र्याऐंशी उतरले की पिशव्यांसकट सगळं बसतं. एकाहत्तर उतरले तरी बसतं, शहात्तर उतरले तरी बसतं. फक्त माझ्या उतरण्याने बसत नाही. आणि वजन बदलायला फोन तू केलास."

"म्हणजे मी उतरू?"

दातवाली चपलेचा पट्टा नीट करायला वाकली. फूलवालीला पत्र्यावर बसलेली चिमणी फार गोड दिसली. बाईने दोघींकडे बघितलं. चाळीस वर्षं तिच्या हो ला हो करणाऱ्या त्या दोघींपैकी एकीचीही मान वर झाली नाही.

टाचणीने एकेक करून पिशव्या बाईच्या हातात दिल्या. शेवटी आपलीही दिली. "विमानात बसत होत्या गं," ती म्हणाली, "पण तू असलीस की कसं निर्धास्त वाटतं."

पायलटने टाचणीला पुढे बसायला सांगितलं. मागे बेकरीवाला डोळे मिटून बसला होता, आणि दातवाली त्याला उगाचच चिकटून नका बसू म्हणत होती. विमान पट्ट्यावरून धावलं, कुणीतरी खालून शिवण उसवावी तसं जमिनीपासून सुटलं आणि वर गेलं.

निळसर होते ते डोंगरच होते. त्यांच्यामागे आणखी डोंगर होते, अधिक फिके, आणि त्यांच्यामागे आणखी. टाचणीने पापणीसुद्धा लववली नाही. सगळ्यात लांबचं ती सगळ्यात आधी बघत होती, कुणीतरी ते घडी घालून ठेवून देईल या भीतीने. तिच्या घराचं छप्पर, दुकान, समोरची ती भिंत, सगळं मागून फूलवालीने दाखवलं. टाचणीने तिकडे ढुंकून बघितलं नाही. ते तिने पुष्कळ बघितलं होतं.

फक्त उतरताना विमान वळलं, तेव्हा तिची नजर खाली गेली. शेडबाहेर बाकावर कुणीतरी बसलं होतं. मांडीवर चार पिशव्या.

विमान थांबल्यावर दातवाली आणि फूलवाली घाईघाईने बाईकडे गेल्या आणि काहीच विशेष नव्हतं, असं तिला समजावू लागल्या. बाईने दोघींना त्यांच्या पिशव्या दिल्या. त्या दोघी बेकरीवाल्याच्या मागून फाटकाकडे निघाल्या. मग टाचणी आली. बाईने तिची पिशवी पुढे केली, पण सोडली नाही.

"मी दिसले का गं वरून?"

"दिसलीस की."

"कशी?"

टाचणीने पिशवी घेतली, खांद्याला अडकवली आणि बाईला उठायला हात दिला.

"बासष्ट किलोची," ती म्हणाली.