सरलाकाकूंसाठी फ्रेंच सिनेमा

सातासमुद्रापलीकडच्या श्रूजबरी गावात मराठी मंडळातलं कुणी वारलं की त्या व्यक्तीच्या नावाने एक सिनेमा दाखवतात. सरलाकाकूंसाठीचा सिनेमा निवडायचं काम नीलांबरीने हौसेने अंगावर घेतलं. तेच ते विनोदी सिनेमे बघणाऱ्या मंडळींना जरा वळण लावावं, असा तिचा फार दिवसांचा बेत होता. एका परीक्षणाचा मथळा तिला भावला: 'सिनेमाला फ्रेंच मानवंदना'. खालचं परीक्षण बाईंनी वाचलंच नाही, मग सिनेमा बघणं तर दूरच. ग्रुपवर मेसेज टाकला, सहकुटुंब या.

रविवारी दुपारी लायब्ररीचा हॉल भरला. पुढच्या रांगेत काकूंचे यजमान अरुणकाका होते. काकू गेल्यापासून ते घराबाहेर पडले नव्हते. नीलांबरीनेच त्यांना आग्रह करकरून आणलं होतं. काकूंच्या फोटोला हार घातला, सगळे स्तब्ध उभे राहिले. मग फ्रेंच अभिरुचीवर नीलांबरीचं लांबलचक भाषण झालं.

पहिल्याच दृश्यात तिकीट फाडणाऱ्याचं मुंडकं उडालं. बंद पडलेलं जुनं थिएटर, आणि सिनेमा चालू असेपर्यंत आपापल्या खुर्चीवर येऊन बसणारे मेलेले प्रेक्षक. मुलं रडायला लागली. बायका समोशांचे ट्रे उचलून बाहेर पडल्या.

"अगं, आधी चेक तरी करायचं ना यार!" जाता जाता मंडळातला अतुल म्हणाला.

नीलांबरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यात काकांची पाठ दिसली. नुकतीच बायको गेलेल्या माणसाला आपण हे दाखवतोय! ती लॅपटॉप बंद करायला धावली.

"राहू दे गं," काका म्हणाले. "संपू दे."

शेवटी हॉलमध्ये दोघंच उरली. दिवे लागले तेव्हा काकांचे डोळे ओले होते.

"हिला भुतांचे सिनेमे फार आवडायचे. लोक हसतील म्हणून कुणाला सांगायची नाही. तुला कसं कळलं?"

मी काहीच विचार केला नव्हता काका, एवढंच सांगायचं होतं. पण भाषणाची सवय लागलेलं तोंड बोलून गेलं, "काकूच एकदा म्हणाल्या होत्या."

काकूंशी ती 'कशा आहात'च्या पुढे कधी बोललीच नव्हती. शरमेने तिचे कान तापले.

उठत असलेले काका पुन्हा खाली बसले. शेजारची खुर्ची त्यांनी तिच्यासाठी ओढली.

"बस ना," ते म्हणाले. "आणखी काय काय बोलायची गं ती तुझ्याशी?"