राळेसारखा पाक

एकवीरा आईची आण, दर्याची आण, आणि तेवढ्यानं इश्वास बसत नसंल तर माझ्या उरल्यासुरल्या तीन दातांची आण! मी सांगते त्यातला शबुदनशबुद खरा हाय. कोण हसला रं तो?

मिठाच्या सत्याग्रहाच्या दुसऱ्या सालची गोष्ट. श्रीवर्धनच्या कोळीवाड्यात मी नवी नवरी. घरात सासू ठमाबाई, माझा नवरा शिवदास आणि त्याचा थोरला भाऊ धर्माजी. होडी दोघां भावांत एक. शिमग्याला जाळ्यावरून दोघांचं वाजलं, आणि धर्माजी बायकोला घेऊन जो सासुरवाडीला उरणला गेला, तो परत फिरकला न्हाय. नारळी पुनवेला येतो म्हणून सांगावा आला, पण सोबत शेपूट होतं: "माझा नारळ मी येगळा टाकणार."

तुम्हाला काय कळायचं त्यातलं! एका होडीचा दर्याला एकच नारळ. एका घरातून दोन पडले, की होडीची वाटणी झाली असं सगळा कोळीवाडा समजायचा. सासूच्या गळ्याखाली घास उतरंना. मला म्हणाली, "रंगू, माझ्या धर्माला नारळवडी लई आवडते. माझे हात कापतात, तू कर. तोंड गोड झालं तर कडू बोलणार न्हाय तो."

आता मी जन्मात कधी वडी केली नव्हती. माझा बा दिवेआगरला होड्यांच्या फटी बुजवायचा, आणि राळ कढवायचं काम माझ्याकडं. बा सांगायचा, थेंब पाण्यात सोड, काढून दगडावर आपट, टाक् वाजला की झाली राळ. मी म्हटलं, गुळाचा पाक तरी काय येगळा असणार? थेंब सोडला, आपटला. टाक्! लगेच खोबरं घातलं आणि ताटात थापलं.

वडी निवली आणि विळी मोडली. कोयता आणला, तर त्याच्या ठिणग्या उडाल्या. त्या ठिणग्यांवर सासूनं चूल पेटवून घेतली. एक तुकडा कावळ्यानं पळवला, तर चोच उघडंना म्हणून तो तीन दिवस माडावर मुका बसून ऱ्हायला.

"अगं बये," सासूनं कपाळाला हात लावला, "वडी केलीस का होडी बुजवायला घेतलीस?"

तेवढ्यात धर्माजी दारात. काखेत सोनेरी कागद लावलेला नारळ. म्हणजे येगळा नारळ खरंच आणला होता!

"आये, मला काय सांगायचं हाय ते..."

"आधी तोंड गोड कर," सासूनं भलामोठा तुकडा त्याच्या तोंडात कोंबला. "मग सांग काय ते."

त्यानं चावला, आणि दातावर दात बसले ते बसलेच!

"म्म्म," धर्माजी म्हणाला.

"काय म्हणतोस, दादा?" शिवदासनं इचारलं.

"म्म्म!"

"वाटणी म्हणतोस का?"

धर्माजीनं मान हलवली, पण व्हय म्हणून का न्हाय म्हणून, कुणाला उमगंना. तवर बाहेर ढोल घुमला, भरतीची येळ झाली. सगळे नाचत निघाले, आणि गाल फुगवून धर्माजीबी. पाण्याशी गेल्यावर सासूनं घरचा नारळ पुढं केला.

शिवदास हळूच म्हणाला, "दादा, थोरला तू. तुझा हात लागल्याबिगर कसा सोडू?"

धर्माजीनं एकदा भावाकडं बघितलं, एकदा आईकडं. "म्म्म," म्हणाला आणि हात लावला. दोघांनी मिळून नारळ सोडला. एकच. सासू तिथंच वाळूत बसून रडली.

घरी आल्यावर धर्माजीनं काखेतल्या नारळाचा सोनेरी कागद सोलला आणि नारळ माझ्या मोडक्या विळीपाशी ठेवला. धाकट्याच्या बायकोशी थोरला दीर सरळ बोलत नसायचा तेव्हा. म्हणून आईकडं तोंड करून म्हणाला, "आये, तिला सांग, ह्याच्या वड्या करताना पाक जरा लौकर उतरव."

काय म्हणालास रं? दात कसे सुटले?

बरं, आता इचारलंच हाईस तर सांगते. दात चिकटलेच नव्हते, तेवढं मी पदरचं घातलं. मिरवणुकीत मी त्याच्या मागंच होते. वाटेत त्यानं कुणी बघत न्हाय असं बघून वडी हातात काढली, जबडा चोळला, जरा इचार केला, आणि वडी परत तोंडात टाकून म्म्म करत पुढं गेला.